गोगलगाईचा शिक्का

आमच्या नाटक कंपनीत त्याला सगळे ठाकठीक म्हणायचे. तिसऱ्या घंटेच्या आधी तो विंगेत यायचा, टेबलावर मांडलेल्या वस्तूंवरून एकदा बोट फिरवायचा. पत्र, चष्मा, विषाची बाटली, फुलदाणी. मग माझ्याकडे बघून म्हणायचा, "सगळं ठाकठीक, बाई. आता बिघडवायचं ते तुम्ही बिघडवा." अठ्ठावीस वर्षं मी त्या वाक्यावर रंगमंचावर पाऊल टाकलं. मी त्याला अरे-तुरे करते, तो मला अहो-जाहो. वयानं आम्ही सारखेच. पण तोंडाला रंग लावणाऱ्यांना मान द्यायचा, असं त्यानं नोकरीच्या पहिल्या दिवशी ठरवलं आणि एकदा ठरवलेलं तो मोडत नाही.

कंपनीचं सगळं सामान त्याच्या ताब्यात असे. म्हणजे काय, तर खोट्या वस्तूंचा तो राजा होता. पुठ्ठ्याचा मुकुट, लाकडी भुशाचं कलिंगड, कागदाच्या लगद्याची तोफ. एकदा त्यानं केलेला भाजलेला मासा बघून पहिल्या रांगेतल्या एका माणसाच्या तोंडाला पाणी सुटलं, असं आमचा तिकीट फाडणारा शपथेवर सांगायचा. पण नाटक उतरलं की सामान अडगळीत जायचं आणि अडगळ भरली की उकिरड्यावर. आमचे निदान फोटो तरी राहायचे. त्याचं काहीच राहायचं नाही. याबद्दल तो कधी कुरकुरला नाही, म्हणून आम्हीही कधी विचार केला नाही. माणूस कुरकुरत नाही म्हणजे त्याला दुखत नाही, असं आम्ही नटमंडळी फार चटकन धरून चालतो.

एका नाटकात जुन्या दिवाणखान्याचा देखावा होता. त्यासाठी सामान बघायला म्हणून ठाकठीक जुन्या बाजारात गेला आणि भिंतीवर टांगायचं एक तांब्याचं मेणबत्तीदान घेऊन आला. काळपट तपकिरी, हाताएवढं, पाठीवर डाळिंबाची उठावाची नक्षी. सगळ्या अंगावर हातोड्याचे बारीक ठोके, एकाशेजारी एक, जसे माशाचे खवले. खाली कोपऱ्यात एवढीशी गोगलगाय ठोकलेली. त्याची हुबेहूब पुठ्ठ्याची नक्कल करून त्यानं नाटकात टांगली. अस्सल मात्र घरी नेलं आणि परत आणलं नाही.

त्या दिवसापासून त्याला वेड लागलं. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी कारखान्यांतून एकाच तोंडवळ्याच्या वस्तूंचा पूर आला, तेव्हा काही हट्टी माणसं म्हणाली होती, की असल्या वस्तू आम्हाला नकोत. वस्तू माणसाच्या हातानं करायची, आणि हातानं केली आहे हे लपवायचंही नाही. हातोड्याचा ठोका घासून काढायचा नाही, तो दिसला पाहिजे. आर्ट्स अँड क्राफ्ट्स म्हणतात ती चळवळ हीच. त्या काळी सात कारागिरांनी मिळून एक छोटं कामघर काढलं होतं. यंत्रवाल्यांना डिवचायला शिक्का घेतला तो गोगलगाईचा. अकरा वर्षांत कामघर बुडालं. ही सगळी माहिती ठाकठीकनं कुठल्या कुठल्या जुन्या कागदांतून खणून काढली होती. आम्ही संवाद पाठ करायचो तेव्हा तो एका कोपऱ्यात बसून हे वाचायचा. मेकअप चालू असताना तो मला त्या सात जणांबद्दल असं सांगायचा, की जणू काल त्यांच्याबरोबर चहा पिऊन आला आहे.

त्याचं घर दोन खोल्यांचं. आतल्या खोलीत त्यानं स्वतः फळ्या ठोकल्या आणि त्यावर गोगलगाईच्या शिक्क्याच्या वस्तू मांडायला सुरुवात केली. प्रत्येक वस्तूला दोऱ्यानं बांधलेली चिठ्ठी, कंपनीच्या सामानाला असायची तशीच, त्याच्या मोत्यासारख्या अक्षरात. त्या वस्तू घासायच्या नाहीत, हा नियम. काळानं चढवलेला रंग हाच दागिना, तो उतरवला तर उरतं काय, असं तो म्हणायचा. त्यावर वहिनी, म्हणजे त्याची बायको, म्हणायच्या, "माझी भांडी लख्ख असली तर कुणी बघत नाही. यांची न घासलेली भांडी बघायला लोक चपला काढून आत येतात." एकदा वहिनींची बहीण चार दिवस राहायला आली. कुणी नसताना तिनं मायेनं एक तबक लिंबू-मीठ लावून असं घासलं, की त्यात भांग पाडता आला असता. ठाकठीक दोन दिवस जेवला नाही. तिसऱ्या दिवशी त्यानं त्या तबकाच्या चिठ्ठीवर एक ओळ वाढवली: मेहुणीने घासले. मेहुणी पुढे त्या खोलीत कधी शिरली नाही.

आता तांबटाबद्दल सांगायला हवं. ठाकठीकचा हा शाळेपासूनचा मित्र. भाजीबाजाराच्या मागच्या गल्लीत त्याचं दुकान होतं, अजून आहे. पुढे फळी, आत भट्टी, ऐरण आणि भिंतीला टांगलेले हातोडे. बुटका, रुंद खांद्यांचा, बोलायला कंजूष. बापजाद्यांपासून तांब्याची भांडी घडवायची आणि मठारायची, म्हणजे गुळगुळीत पत्र्यावर छोट्या हातोड्यानं एकसारखे ठोके उमटवायचे, हा त्यांचा धंदा. तांब्याची गिऱ्हाइकं कमी झाली तसा तो डागडुजीवर आला. कुणाचं भांडं चेपलं, कुणाचा कान निघाला. ठाकठीकच्या गोगलगाईंनाही डाख लावून सांधायचं ते तांबटानंच. दुसऱ्या कुणाच्या हातात ठाकठीकनं त्या दिल्या नसत्या.

दर रविवारी सकाळी तांबट ठाकठीककडे यायचा. खिडकीजवळच्या खुर्चीत बसायचा आणि ठाकठीक एकेक वस्तू खाली काढून त्याला दाखवायचा, तीच तीच, नवी असल्यासारखी. मी तीन गल्ल्या पलीकडे राहते, त्यामुळे नाटक सोडल्यावर मीही अधूनमधून जायची. तांबट फारसं बोलायचा नाही. नुसता ऐकायचा. मला वाटायचं, किती सोशिक मित्र आहे.

ठाकठीककडच्या पहिल्या सात गोगलगाई बाजारातून आल्या होत्या. मेणबत्तीदान, मेहुणीने घासलेलं ते तबक, पत्रं ठेवायची पेटी, दोन चमचे, पट्ट्याचं बक्कल आणि आरशाची एक वाकडी चौकट. बऱ्या होत्या, थोर नव्हत्या. मग चोवीस वर्षांपूर्वी एक सुरई आली. उंच मान, निमुळतं तोंड, कान असा वळवलेला की वेलीचा तणावा वाटावा. ती तांबटानं आणली. मोडीत आली म्हणाला, वितळवायला जीव होईना. लोक जुनं तांबं मोडीत देतात, त्यामुळे त्यात विशेष काही नव्हतं. वजनावर तांब्याचं जे काय होतं तेवढंच त्यानं घेतलं. ठाकठीकनं सुरई पालथी केली, बुडाला गोगलगाय बघितली आणि ती सुरई डोक्याला लावली.

पुढच्या काळात दीड-दोन वर्षांतून एखादी अशी वस्तू तांबटाच्या मोडीतून निघत गेली. कमळाच्या पानाचं ताट, पक्ष्यांच्या रांगेची फुलदाणी, झाकणावर बीजकोश असलेली डबी. एकूण अकरा. त्यांच्यापुढे आधीच्या सात म्हणजे नाटकातल्या मुक्या भूमिका. ठाकठीकनं त्या अकरांचा दिवसरात्र अभ्यास केला आणि एक शोध लावला. प्रत्येकीच्या कानाखाली, किंवा कान नसला तर काठाच्या आत, मसुराच्या दाण्याएवढी एक जागा मठारलेली नव्हती. बाकी सगळ्या अंगावर ठोके, तेवढा ठिपका गुळगुळीत. आधीच्या सातांत तो नव्हता. म्हणजे त्या सात कारागिरांतला एक जण, सगळ्यांत मोठा, ही स्वतःची खूण ठेवत होता. कुठल्याही कागदात हे लिहिलेलं नव्हतं. ठाकठीकनं अकराही चिठ्ठ्यांवर लिहिलं: कारागीर अज्ञात, थोर.

त्या अज्ञाताशी त्याचं जे नातं जुळलं ते मी जवळून पाहिलं आहे. तो माणूस डावा असेल का उजवा, त्याला मुलं असतील का, कामघर बुडल्यावर त्याचं पोट कसं चाललं असेल, यावर रविवार निघून जायचे. एकदा ठाकठीक म्हणाला की मला देवानं विचारलं, मेलेल्या माणसांपैकी कुणाला भेटायचंय, तर मी बापाला नाही, याला भेटेन. तांबट खिडकीबाहेर बघत बसला होता. वहिनी म्हणाल्या, "सासऱ्यांनी हे ऐकलं तर तिकडून काठी फेकून मारतील." आम्ही हसलो. तांबटही हसला.

दोन वर्षांपूर्वी गावच्या संग्रहालयानं कळवलं, की गोगलगाय संग्रहाला एक स्वतंत्र खोली देऊ. पूर्वेकडची, उजेडाची. दारावर पाटी लागणार होती आणि पाटीवर ठाकठीकचं नाव. त्याचं खरं नाव काय आहे ते त्या दिवशी मला नव्यानं कळलं. ज्याचं जन्मभराचं काम उकिरड्यावर गेलं, त्याला शेवटी एक खोली मिळणार होती आणि तीत एकही वस्तू खोटी नव्हती. हे तो स्वतःच बोलला, वहिनींना, माझ्यासमोर. आणि लगेच चष्मा पुसायला लागला.

संग्रहालयातून एक मॅडम पाहणीला आल्या. तरुण, शांत, हातांत पांढरे हातमोजे. सकाळची वेळ, खोलीत ऊन आलेलं. ठाकठीकनं इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि अकरा वस्तू टेबलावर अशा मांडल्या होत्या, जशा तो प्रयोगाआधी मांडायचा. तांबटाला त्यानं मुद्दाम बोलावलं होतं, पण तो आला नाही. भट्टी पेटवली आहे असा निरोप आला. मी होते, कारण प्रेक्षक म्हणून मला बोलावलं होतं आणि प्रेक्षकानं गप्प बसायचं असतं हे मला माहीत असायला हवं होतं.

मॅडमना सुरई फार आवडली. मग ठाकठीकनं आपला हुकमाचा पत्ता काढला. त्यांना हातमोजा काढायला सांगितला, त्यांचं बोट धरून कानाखाली नेलं आणि म्हणाला, "डोळे मिटा. लागलं का काही? काही लागत नाही ना? तीच त्याची सही."

मॅडमच्या चेहऱ्यावर खरोखर आनंद दिसला. आणि मी, प्रसंग रंगतोय असं वाटून, एक वाक्य पदरचं घातलं.

"अगबाई, हे तर माझ्या पाण्याच्या जगालाही आहे," मी म्हटलं. "रोज सकाळी पाणी ओतताना अंगठा नेमका तिथंच पडतो."

तो जग मला मी नाटक सोडलं तेव्हा कंपनीनं दिला होता. तांबटाकडून घडवून घेतला होता. ठाकठीकला हे माहीत होतं. त्यानंच तर ती ऑर्डर दिली होती, आणि जग बांधून आला तसा न उघडता माझ्या हातात ठेवला होता.

वहिनी चहाचे कप घेऊन दारात आल्या होत्या त्या तिथंच थांबल्या. मॅडमनी नम्रपणे विचारलं, तो जग बघता येईल का. ठाकठीक म्हणाला, "घेऊन या, बाई."

तीन गल्ल्या जायला आणि तीन यायला. जाताना माझ्या मनात आलं, जग सापडत नाही म्हणावं. आयुष्यभर खोटं बोलून टाळ्या घेतल्या, एक खोटं मित्रासाठी बोलायला काय हरकत होती? पण मला वाटत होतं, माझा अंगठाच चुकत असेल, जग बघितल्यावर सगळे हसतील. तो फडक्यात गुंडाळून मी नेला.

ठाकठीकनं एका हातात सुरई घेतली, एका हातात माझा जग. डोळे मिटले. दोन्ही अंगठे दोन्ही कानांखाली फिरले. मग अंगठे पुढे सरकले, मठारकामावरून, रांगेनं, खालपर्यंत. नाटकात अशी जागा आली तर दिग्दर्शक सांगतो, इतका वेळ थांबू नका, प्रेक्षक खोकतील. कुणी खोकलं नाही. डोळे उघडून त्यानं जग मला परत दिला.

"मॅडम," तो म्हणाला, "हे अकरा नग यादीतून काढा. माझी चूक झाली."

दुपारी आम्ही दोघं तांबटाच्या दुकानी गेलो. म्हणजे तो निघाला आणि वहिनींनी मला खूण केली की एकट्याला सोडू नका. सुरई त्याच्या काखेत होती. तांबट ऐरणीपुढे बसला होता. त्यानं आधी सुरईकडे बघितलं, मग माझ्या हातातल्या जगाकडे. हातोडा खाली ठेवला आणि स्टूल पुढे सरकवलं, माझ्यासाठी. ठाकठीकसाठी दुसरं नव्हतं. तो उभाच राहिला.

"किती?" ठाकठीकनं विचारलं.

"अकराच्या अकरा. आधीच्या सात खऱ्या आहेत."

"आणि तो ठिपका?"

तांबटानं सांगितलं, त्याच्या बापानं शिकवलं होतं. शेवटचा ठोका मारायचा नाही. भांड्यावर जरा जागा कोरी सोडायची, म्हणजे काम संपत नाही आणि कामं येत राहतात. हाताला इतकी सवय झालेली, की नक्कल करतानाही हात तिथं थांबला. शिक्का त्यानं हुबेहूब कोरला होता. तांबं काळं करायला महिनोन् महिने ओल्या मातीत पुरून ठेवलं होतं. सगळं जमलं, हाताला तेवढं थांबवता आलं नाही. आणि ठाकठीकनं नेमकं त्यालाच डोक्यावर घेतलं.

"का केलंस?"

तांबटानं सुरई मागितली. ठाकठीकनं दिली नाही. मग बसल्या जागेवरूनच त्यानं सुरईकडे बोट केलं.

"हीच सुरई मी आधी आणली होती तुझ्याकडे. आठवतं? लख्ख, नवी. माझी म्हणून आणली होती. बापाच्या माघारी पहिल्यांदा मनासारखं काही झालं होतं हातून. तू काय केलंस? पालथी केलीस, बूड बघितलंस. शिक्का नव्हता. म्हणालास, हात बरा आहे तुझा, पण जुन्यांची सर नाही. आणि परत दिलीस. सहा महिन्यांनी तीच आणली, शिक्का मारून."

मला आठवायचं कारण नव्हतं, मी तिथं नव्हते. पण ठाकठीकला आठवलं हे मला दिसलं. त्याच्या हातांनी सुरई जरा लांब धरली. चाळीस-पन्नास वर्षांच्या मैत्रीत त्यानं तांबटाची म्हणून एखादी वस्तू हातात घेतली होती ती एवढी एकदाच, आणि तीही बूड बघायला.

"एकदा चूक झाली माझी," तो म्हणाला. "दुसऱ्या दिवशी तोंडावर फेकायची होतीस. पुन्हा दहा कशाला केल्यास? बावीस वर्षं दर रविवारी माझ्यासमोर बसलास. मी त्या माणसाबद्दल बडबडत होतो आणि तू ऐकत होतास."

"त्यासाठीच तर येत होतो," तांबट म्हणाला.

गल्लीतून एक हातगाडी गेली. मग तांबट खाली बघून म्हणाला, की सांगायचं अनेकदा मनात आलं. पण सांगितलं असतं तर ठाकठीकनं ते सगळं कौतुक त्याच क्षणी परत घेतलं असतं. घेतलं नसतं का?

ठाकठीकनं विचार केला. खोटं बोलणं त्याला सोपं होतं, आणि मला वाटतं तांबटही त्याचीच वाट बघत होता.

"घेतलं असतं," तो म्हणाला. "पण मग माझं मी बघितलं असतं. बाई, तुम्ही सांगा याला. मी जन्मभर पुठ्ठ्याचे मुकुट केले. पण बघणाऱ्याला माहीत असतं ना तो पुठ्ठा आहे. तो तिकीट काढून येतो, फसायलाच येतो. मी कुठं तिकीट काढलं होतं रे?"

ठाकठीक वळला आणि चालू लागला. मी जग उचलला. तांबट मला म्हणाला, "ताई, तुमच्या जगाचा कान जरा हललाय. ठेवून जा, नीट करून देतो." मी ठेवला नाही. त्या क्षणी ठेवणं मला बरं दिसलं नाही. अजून तो कान हलतो.

संग्रहालयाच्या मॅडम भल्या होत्या. आठवड्यानं त्या पुन्हा आल्या. खोली रद्द करायची गरज नाही म्हणाल्या. सात वस्तू जुन्या कारागिरांच्या आणि अकरा आजच्या कारागिराच्या, त्याच्या नावानं. लोकांना हेच जास्त आवडेल, असा कारागीर आता मिळतो कुठं? मला हा मार्ग इतका सुंदर वाटला की माझे डोळे भरून आले. वहिनींनाही पटलं. ठाकठीकनं सगळं ऐकून घेतलं. मग तो म्हणाला, की त्याचा हात बघायचा असेल तर लोकांना त्याच्या दुकानी पाठवा, भाजीबाजाराच्या मागे आहे. माझ्या नावाच्या खोलीत तो नको. आम्ही तिघींनी परोपरीनं सांगितलं. एकदा ठरवलेलं तो मोडत नाही.

खोलीत आता जुनी घड्याळं लागली आहेत. सात गोगलगाईंना जिन्याखाली काचेचं एक कपाट मिळालं. त्यात मेहुणीचं तबक मध्यभागी आहे, कारण तेच तेवढं चमकतं. चिठ्ठीवरची ओळ ठाकठीकनं काढू दिली नाही, त्यामुळे मेहुणी आता सरकारी संग्रहालयात आहे. तिला हे अजून सांगितलेलं नाही.

अकरांचं काय करायचं, हे त्यानं पंधरा दिवसांनी ठरवलं. मला बोलावलं. आतल्या खोलीत दोन खोकी बांधून ठेवली होती, प्रत्येक वस्तू वर्तमानपत्रात गुंडाळलेली, कंपनीचा दौरा निघताना बांधायचा तशी. "एवढं त्याच्याकडे पोचवा," तो म्हणाला. "मी जाणार नाही." मी म्हटलं, अरे, एकदा येऊन भेट तरी. तो म्हणाला, "बाई, माझी एक्झिट झालीय." वहिनी मला जिन्यापर्यंत सोडायला आल्या. खालच्या पायरीवर थांबून म्हणाल्या, "तुम्ही त्या दिवशी बोलला नसता तर..." आणि पुढे काही न बोलता वर गेल्या. वाक्य त्यांनी पुरं केलं नाही. मी करते अधूनमधून.

तांबटानं खोकी फळीवर उघडली. एकेक वस्तू काढून कागद सोडवला, घडी करून बाजूला ठेवला. प्रत्येकीला चिठ्ठी तशीच बांधलेली होती. त्यानं पहिली चिठ्ठी उजेडात धरली आणि बराच वेळ वाचत राहिला. इतकं काय आहे म्हणून मी वाकून बघितलं. गोगलगाय कामघर हे शब्द खोडले होते. 'कारागीर अज्ञात, थोर' यातला अज्ञात खोडून त्यावर मोत्यासारख्या अक्षरात तांबटाचं पूर्ण नाव, बापाच्या नावासकट, लिहिलं होतं. थोर तसंच होतं. दहाही चिठ्ठ्यांवर तसंच. खोडायचं राहिलं असेल असं कुणी म्हणेल. अठ्ठावीस वर्षांत त्या माणसाकडून माझा एक रुमाल विसरला गेला नाही.

तांबटानं कानस घेतली. पहिल्या ताटाच्या बुडाची गोगलगाय तो घासू लागला. तांब्याचा लाल भुसा फळीवर पडत होता. दुसरं, तिसरं. मध्येच थांबून त्यानं मोजलं.

"दहाच आहेत."

"सुरई त्यानं ठेवली," मी म्हटलं.

"फळीवर?"

"नाही. गॅलरीत असते. झाडांना पाणी घालतो त्यानं."

हे खरं होतं. कुठल्याच संग्रहातल्या वस्तूला ठाकठीकनं कधी पाणी लागू दिलं नव्हतं. आता ती सुरई कुंड्यांमध्ये पडलेली असायची, उन्हात, चिखलात. तो तिला शिक्षा देत होता की वापरात आणत होता, मला सांगता येणार नाही. त्यालाही सांगता आलं असतं असं वाटत नाही.

तांबटानं कानस पालथी करून हातावर झटकली.

"गळते का?"

"नाही."

"गळणार नाही," तो म्हणाला आणि चौथी वस्तू पुढे ओढली.

संध्याकाळी मी ठाकठीककडे गेले. तो गॅलरीत होता. खिडकीजवळची रविवारची खुर्ची आता बाहेर आली होती आणि तिच्यावर रोपांच्या पिशव्या होत्या. मी त्याला सगळं सांगितलं, अगदी प्रवेश करून दाखवावा तसं. चिठ्ठ्या, कानस, लाल भुसा. तो पाठमोरा उभा राहून ऐकत होता. शेवटी मी म्हटलं, सुरई गळणार नाही म्हणालाय.

"बाई," तो म्हणाला, "तुम्ही नाटक कंपनीतून निवृत्त झालात. टपालखात्यात कधी लागलात?"

आणि नळाखाली सुरई धरली. ती भरेपर्यंत त्याचा अंगठा कानाखाली होता.